फिनिक्सच्या अंगणात जाबुतिकाबा जगेल का?

तुम्ही अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सजवळ नवं घर घेतलंय, मागे मोकळं अंगण आहे, आणि खोडालाच काळीभोर फळं लगडणारं ब्राझीलचं जाबुतिकाबा लावायचंय. जमिनीत लावणार असाल तर माझं उत्तर सरळ ‘नाही’. मी फिनिक्सलगतच्या चॅन्डलरला राहतो आणि एक झाड घालवून बसलोय.

मला वाटलं होतं, ऊन मारेल. म्हणून पूर्वेच्या भिंतीलगत जागा दिली, वर सावलीची जाळी बांधली. २०२३ साली इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. एका रात्री तर ३६ च्या खाली आलाच नाही. त्या उन्हाळ्यातून झाड निभावलं. गेलं ते पुढच्या वर्षी, पाण्यानं. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग करपा देठाकडे सरकत गेला. पाणी कमी पडतंय असं समजून मी ठिबक वाढवलं, म्हणजे रोज थोडं जास्त मीठ पाजलं. ठिबकच्या तोंडावर पांढरी खपली धरलेली रोज दिसत होती, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

या झाडाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. इथे नळाचं पाणी जड आणि क्षारांचं, माती चुनखडीची. पहार घेऊन खणून बघा. दीड-दोन फुटांवर खणकन आवाज आला तर तो चुनखडीचा थर. खड्डा पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे कुठलंच फळझाड लावू नका. घरात पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर बाहेरचा नळ त्यावर नाही ना, तेही तपासा. त्यातला सोडियम झाडाला आणखी वाईट.

पावसाचं पाणी साठवू म्हणाल. वर्षाला पाऊस साधारण १८० मिलिमीटर, आपल्या दुष्काळी माणदेशातसुद्धा याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरी शंभर चौरस मीटर छपरावर हिशेबानं १८,००० लिटर होतात. पण पडतो तो जुलै-सप्टेंबरात आणि थोडा हिवाळ्यात. झाड तहानेनं कासावीस होतं मे-जूनमध्ये. तोवर पिंपात काय उरणार?

जमिनीत लावायचंच तर चिनी बोर लावा. ‘ली’ जातीचं घ्या. ऊन, चुनखड, थंडी सगळं सोसतं. चव आपल्या उमराणची नाही, सफरचंदासारखं करकरीत लागतं, आणि बुंध्याभोवती फुटवे फार येतात, ते काढत राहावे लागतात. आमच्याकडे त्याच भिंतीलगत आता फालसा आहे. हिवाळ्यात छाटला की उन्हाळ्यात लहान, आंबटगोड फळं. मुलं झाडाखालीच संपवतात.

आणि जाबुतिकाबाचा मोह सुटतच नसेल, तर मोठ्या कुंडीत लाल संकरित जात लावा, ती लवकर फळते. बियांपासूनच्या झाडाला आठ-दहा वर्षं सहज जातात. पाणी फक्त आरओचं. कडाक्याच्या रात्री कुंडी आत ओढता यायला हवी, म्हणून खाली चाकं आधीच लावा. माती भरल्यावर ती दोघांनाही हलत नाही.