कडबा कुट्टीचं स्पेसिफिकेशन: धाट आधी, मोटार शेवटी

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. लातूरचे चौघं, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला कडबा कुट्टी, म्हणजे कडब्याचे तुकडे करायचं यंत्र, घेतलंय. स्पेसिफिकेशनच्या कागदावर यांनी लिहिलं: 3 एचपी मोटार, ताशी 1500 किलो, उत्तम दर्जाची पाती, वजनाला हलकी, सुरक्षित, किफायतशीर. गाईड सरांनी कागद परत केला आणि वर पेननं एवढंच लिहिलं, "हे तपासणार कसं?" आता काय लिहायचं, हा प्रश्न.

सरांचा राग करू नका, त्यांनी तुमचं अर्धं काम करून दिलंय. "सुरक्षित"ला टेप लावता येत नाही, "उत्तम" काट्यावर ठेवता येत नाही. प्रत्येक ओळ अशी लिहा की परीक्षेच्या दिवशी एखाद्या तिऱ्हाइताला टेप, वजनकाटा, स्टॉपवॉच आणि क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारा) दिला तर त्याला "जमलं" किंवा "नाही जमलं" एवढंच सांगता यावं. मग "जमलं नाही" आलं तरी प्रोजेक्ट वाया जात नाही, काय कमी पडलं ते कळतं.

दुसरं, तुम्ही मोटारीपासून सुरुवात केलीत. सगळे तिथूनच करतात, मीही केली होती. सुरुवात गोठ्यापासून करा. आठ जनावरं धरा. एकाला दिवसाला सहा-सात किलो कोरडा कडबा, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलो. ताशी 300 किलोची मशीनसुद्धा हे काम दहा-अकरा मिनिटांत उरकते. मग 1500 कशाला? कुठल्या तरी कॅटलॉगमधून आलाय तो आकडा, हो ना?

आता तुमच्याच ड्रॉइंगवरून हिशेब करू. दोन पाती, चाक 600 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 1200 काप. तुकडा 20 मिलिमीटरचा हवा असेल तर मिनिटाला 24 मीटर कडबा आत गेला पाहिजे. तोंड 200 बाय 60 मिलिमीटर. आत ओढणाऱ्या रोलरखाली दबलेला कोरडा कडबा घनमीटरला समजा 60 किलो धरला तर ताशी हजार किलोच्या आसपास येतं, तेही तोंड एक क्षणही रिकामं न राहता. हातानं पेंढी सोडणारा माणूस ते निम्मंसुद्धा भरत नाही. तेव्हा 1500 हे तुमच्याच मशीनला कागदावरही जमत नाही. "ताशी किमान 300 किलो, कोरडा ज्वारीचा कडबा, एक माणूस घालणार, सलग 15 मिनिटं मोजून" असं लिहा. या ओळीत माल, माणूस आणि वेळ तिन्ही आले. कडब्याची जातही लिहा. मालदांडी ज्वारीचं बारीक धाट आणि मक्याचं ओलं जाड ताट, दोन्हींवर मशीन सारखी चालत नाही. ओल्याचा आकडा वेगळा काढा.

तुकड्याची लांबी "20 मिमी" एवढीच लिहू नका. मूठभर कुट्टी उचला, शंभर तुकडे मोजा. त्यातले नव्वद 10 ते 25 मिलिमीटरमध्ये बसले पाहिजेत, असं लिहा. फार लांब राहिलं तर जनावर दावणीत टाकून देतं. फार बारीक केलं तर रवंथ कमी होतो आणि दुधाचं फॅट उतरतं. त्यामुळे खालची मर्यादाही हवी, ती पोरं हमखास विसरतात.

वर काढलेले मिनिटाला 24 मीटर परत एकदा बघा. म्हणजे सेकंदाला 40 सेंटिमीटर. रोलरनं बाही धरली तर एका सेकंदात हात बोटापासून कोपराच्या जवळपास आत. "सुरक्षित" हा शब्द इथं मोजायचा असतो. यंत्रांच्या सुरक्षित अंतरांचं आयएसओ 13857 हे मानक आहे. तोंडाची फट 120 मिलिमीटरपर्यंत असली आणि आख्खा हात आत जाऊ शकत असला, तर उघडं तोंड आणि धोक्याची जागा यांत किमान 850 मिलिमीटर ठेवा, असं ते सांगतं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये हे अंतर 380 आहे. आणि धोका पात्यापासून नाही, रोलरपासून सुरू होतो, हेही ध्यानात घ्या. वरून झाकलेलं लांब पन्हाळं करा, पत्रा थोडा जास्त लागेल तो लागू द्या. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार आपल्या देशात इतके झाले की 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाच करावा लागला. कुट्टी काही त्याहून गरीब नाही.

आमच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, गोष्ट सांगतो. माझी पहिली कुट्टी, पोर्टेबल म्हणून मिरवलेली. स्विच मी मागच्या खांबावर बसवला होता, वायर कमी लागते म्हणून. एका संध्याकाळी आमच्या चुलत्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक रोलरमध्ये गेलं. स्विच दहा फुटांवर. त्यांनी टॉवेल सोडला म्हणून वाचले, आणि सवयीनं लाथ मारून पट्टा पाडला. पट्टा पडला तरी चाक फिरतच होतं, मी तिथं उभा राहून बघत होतो, थांबायला किती वेळ लागला ते सांगवत नाही. तुमचं चाक 25 किलोचं, 450 मिलिमीटर व्यासाचं. 600 आरपीएमला त्यात साधारण 1250 ज्यूल साठतात. पन्नास किलोचं पोतं अडीच मीटरवरून सोडावं तेवढा तो दणका. म्हणून दोन ओळी वाढवा. एक: रोलर थांबवून उलटा फिरवणारा दांडा, घालणाऱ्याच्या कमरेला लागेल असा, दोन्ही हात अडकलेले असतानाही दाबता यावा. दोन: वीज बंद केल्यापासून चाक किती सेकंदांत थांबतं, तो आकडा. तो आकडा तुम्ही ठरवा, पण ठरवा. आणि चाक थांबल्याशिवाय झाकण उघडणार नाही, अशी खिट्टी.

आता मोटार. तुमच्या 3 च्या जागी आधी दोन एचपी धरून बघू, म्हणजे जवळपास 1500 वॅट. पट्टा, रोलर, गिअर यांत निम्मे गेले समजा. उरलेले 750 वॅट सेकंदाला 20 कापांवर वाटा: एका कापाला 37 ज्यूल. एवढ्यात तोंडभर कडबा कापला जातो का? याचं उत्तर पुस्तकात शोधत बसू नका, वर्कशॉपच्या मागं काढा. एक पट्टी बिजागरीवर बसवा, मध्ये पातं, खाली ठोकळ्यावर पाच धाटं आडवी, पट्टीच्या टोकाला रिकामा डबा. डब्यात तांब्या-तांब्यानं पाणी ओता. धाटं तुटली की थांबा, पाण्यासकट डबा काट्यावर ठेवा आणि कापताना तो किती खाली आला ते मोजा. वजन गुणिले 9.81 गुणिले उतरलेले मीटर, की ज्यूल आले. डबा 12 किलोचा आणि 10 सेंटिमीटर उतरला तर 12 ज्यूलच्या खाली-वर. हा अंदाज थोडा वरचाच येतो, पण मोटार निवडायला वरचाच बरा. पेरावर आणि दोन पेरांच्या मधे अशी वेगवेगळी चाचणी घ्या, फरक बघून चकित व्हाल. हे करून 3 एचपी लागली तर खुशाल लिहा, पण मला नाही वाटत लागेल.

मोटारीच्या ओळीत व्होल्टेज टाका. माझी ती कुट्टी शेडमध्ये 235 व्होल्टवर पळत होती. गावात संध्याकाळी सातला मीटरला 175. मोटार नुसती घुमायची, पट्ट्याचा वास यायचा. टॉर्क, म्हणजे मोटारीचा फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. 230 च्या जागी 175 आले की 58 टक्के उरतो. तेव्हा "175 व्होल्टला, तोंड रिकामं असताना, चाक पूर्ण वेगाला आलं पाहिजे" अशी ओळ हवी, आणि ती तपासायला कॉलेजात व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असतोच.

टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याबद्दल, एक तक्रार. तुमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "सर्व मापे ±0.01" (मिलिमीटर) लिहिलंय. अँगलच्या फ्रेमला ±0.01? टर्नर हसेल, आणि हसून झाल्यावर दर तिप्पट सांगेल. बारकाई दोनच ठिकाणी लागते. यूसीपी 206 बेअरिंग जिथं बसतं ती शाफ्टवरची सीट 30 h7 (लहान h, शाफ्टसाठीचा), म्हणजे 30.000 ते 29.979 मिलिमीटर. आणि फिरतं पातं व खालचं स्थिर पातं यांतली फट 0.3 ते 0.5 मिलिमीटर, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून जुळवता येणारी, चाक हातानं फिरवून दोन्ही पात्यांना फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासलेली. फट वाढली की कडबा कापत नाही, चेंबतो, आणि तुम्ही विनाकारण मोटारीला दोष देत बसता. बाकी फ्रेमला ±2 चाललं.

पात्याचे बोल्ट 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे), नायलॉक नटसकट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा), हे नावानिशी लिहा. हार्डवेअरवाला "चांगला बोल्ट द्या"ला काहीही देतो. एक किलोचं पातं, मध्यापासून 160 मिलिमीटरवर, 600 आरपीएमला स्वतःला 630 न्यूटननं बाहेर खेचतं. पासष्ट किलोचा माणूस बोल्टाला लोंबकळतोय असं समजा, आणि वर सेकंदाला दहा दणके.

"हलकी" काढून टाका. गोठ्याच्या दाराची रुंदी मोजा, ती लिहा. मोटार काढून दोन माणसांना उचलता आली पाहिजे, ते वजन लिहा. "किफायतशीर"च्या जागी साहित्य आणि मजुरी मिळून रुपयांतली कमाल रक्कम.

या शनिवारी गावाकडं जाणार असाल तर तीनच गोष्टी करून या: संध्याकाळी सातचं व्होल्टेज, गोठ्याचं दार, आणि कडब्याच्या दोन पेंढ्या सोबत. डब्याच्या चाचणीचे आकडे आले की इथंच टाका, पेरावरचे वेगळे. मोटार मग ठरवू.