ग्रँड सिको स्नोफ्लेक हे जपानी घड्याळ नवीन घेतल्यावर पहिल्यांदा काय वाटलं? एवढ्या पैशात स्विस घड्याळच बरं का?

“एवढं हलकं?” हेच वाटलं. बिल लाखांत आणि हातात घेतलं तर वजनच नाही! जड म्हणजे अस्सल हा आपला हिशोब सोन्याच्या बांगडीपासून पितळेच्या तांब्यापर्यंत पक्का असतो, तो इथे साफ चुकतो. माझं मॉडेल एसबीजीए २११. केस आणि ब्रेसलेट दोन्ही टायटॅनियमचं, सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आसपास. दुकानात थोडा हिरमुसलो होतो, पण मेच्या उकाड्यात दिवसभर घालून फिरलो तेव्हा मत फिरलं.

डायलबद्दल तुम्ही भरपूर वाचलं असेल. सगळे तिला पांढरी म्हणतात, पण तिच्यावर पांढरा रंग मुळी नाहीच. पोत उठवलेल्या पत्र्यावर चांदीचा मुलामा आहे. त्या उंचसखल पोतावर उजेड विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. हे घड्याळ जपानच्या नागानो प्रांतात, शिओजिरीला बनतं आणि तिथल्या डोंगरांवरच्या बर्फावरून हा पोत सुचलेला. ट्यूबलाइटखाली ती अगदीच सपाट दिसते, फोटोत तर त्याहून वाईट. सकाळी खिडकीशी उभं राहून मनगट थोडं कलतं करा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर तिरपं ऊन पडलं की पोत कसा उठून दिसतो, तसं काहीतरी होतं.

आणि तो निळा सेकंद काटा! तो टिकटिकत नाही, थरथरतही नाही, नुसता सरकत राहतो. मीटिंगमध्ये लोकांना वाटतं मला निघायची घाई आहे.

आत सेल नाही. हात हलला की स्प्रिंगला आपोआप चावी बसते आणि त्याच स्प्रिंगवर चाकं फिरतात. इथपर्यंत कुठल्याही ऑटोमॅटिकसारखंच. फरक शेवटी आहे. टिकटिक करत चाकांचा वेग राखणारं बॅलन्स व्हील काढून तिथे सेकंदाला आठ फेरे घेणारं एक चाक बसवलंय. ते फिरताना किंचित वीज तयार होते, त्यावर क्वार्ट्झचा स्फटिक चालतो आणि त्याच्या तालावर चाकाला चुंबकीय ब्रेक लागत राहतो. याला स्प्रिंग ड्राइव्ह म्हणतात. योशिकाझू आकाहाने या इंजिनिअरला ही कल्पना १९७७ मध्ये सुचली, बाजारात घड्याळ आलं १९९९ मध्ये. ते बघायला आकाहाने स्वतः नव्हते, आदल्याच वर्षी वारले. कंपनी महिन्याला १५ सेकंदांच्या आतबाहेर फरक सांगते, माझं त्यातच आहे. पूर्ण चावीवर ७२ तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच असतं.

आता न आवडलेलं. ८ च्या आकड्यापाशी चावी किती उरली ते दाखवणारा छोटा काटा आहे, तो मला अजून खटकतो. मागच्या बाजूला दिला असता तर डायल मोकळी राहिली असती. काट्यांवर रेडियम नाही, त्यामुळे अंधारात वेळ कळत नाही. ब्रेसलेटच्या लॉकमध्ये जरासं ढिलं-घट्ट करायची सोय नाही, आणि आपल्या हवेत दुपारी मनगट फुगतं तेव्हा ते जाणवतं.

स्विस घ्यावं का? चार लोकांनी ओळखावं अशी इच्छा असेल तर सरळ रोलेक्स किंवा ओमेगा घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे तुमचे आहेत. हे घातल्यावर फार तर एखादे काका म्हणतील, “सिको ना? आमच्याकडे पण होतं, मस्कतहून आणलेलं.” २०१७ पासून डायलवर ‘सिको’ लिहीत नाहीत, नुसतं ‘ग्रँड सिको’ असतं, पण काकांना त्याचं काय! मला स्वतःला दिवसातून दहा वेळा बघावंसं वाटणारं घड्याळ हवं होतं, म्हणून हे घेतलं आणि आजही हेच घेईन.

घ्यायला जाल तर दिवसाउजेडी जा आणि दुकानदाराला विचारून दारापाशी नेऊन बघा, आतल्या दिव्यांत काही कळत नाही. ब्रेसलेटच्या कड्या काढताना अर्ध्या कडीने फिटिंग जमतं का तेही बघायला सांगा. आणि पॅन कार्ड विसरू नका, दोन लाखांवरच्या खरेदीला लागतंच.