दिराची बाराबंदी

प्रश्न: ताई, मी ५१ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. संध्याकाळी सातला घरात चर्चेचं चॅनेल लागतं ते झोपेपर्यंत. मिस्टर एका पक्षाचे, धाकटे दीर दुसऱ्या. निवडणुकीत घरच्या ग्रुपवर दोघांची जुंपली, पुण्याहून मुलाने त्यात तेल ओतलं आणि दीर ग्रुप सोडून गेले. तेव्हापासून येणं-जाणं बंद. मला रात्री अडीचला जाग येते, छाती धडधडते, हात मोबाइलकडे जातो. देशाचं काय होणार याची काळजी लागून राहते. दरवर्षी संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी दीर त्यांची बाराबंदी, यात्रेत घालायचा तो पांढरा अंगरखा, माझ्याकडे धुवायला आणून टाकतात. यंदा आणली नाही. बातम्या बघणं सोडून देऊ का?

उत्तर: तुमच्या पत्रात देशाला एकच वाक्य मिळालंय, ताई. बाकी सगळं घरचं आहे. झोप कुणी उडवलीय ते मला तिथेच कळलं. तरी बातम्यांचं आधी उरकते.

सोडू नका. आपलं गाव राजकारणापासून लांब कधी होतं? १९३० साली इथे मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. तेही गड्ड्याच्याच दिवसांत. अशा गावातल्या बाईने बातमीशी काडीमोड घ्यावा हे मला पटत नाही. पण सातच्या त्या चर्चेत बातमी किती असते, एकदा घड्याळ लावून बघा. सहा चौकटींत सहा माणसं एकदम बोलतात. भांडण मिटावं म्हणून त्यांना बोलावलेलंच नसतं. मिटलं तर जाहिरातीनंतर माणसं परत कशाला येतील? खालच्या लाल पट्टीवर सकाळचीच गोष्ट रात्रीपर्यंत ‘ब्रेकिंग’ म्हणून फिरते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात खरी ब्रेकिंग न्यूज म्हणजे नळ आला, आणि ती शेजारीणच देते.

सकाळी चहाबरोबर पेपर वाचा. वाटलं तर आकाशवाणीचं दहा मिनिटांचं बातमीपत्र ऐका. एवढ्यात महत्त्वाचं काही सुटत नाही. घरचा ग्रुप म्यूट करा. आठ तास, आठवडा किंवा कायमचा, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो, त्याच्यापायी घरातल्या माणसाशी भांडू नये. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराला साधं घड्याळ आणा. अडीचला जाग आली तरी त्या अंधारात तुम्हाला दिल्लीचं काही करता येणार नाही.

आणि अडीचची ती जाग सगळी बातम्यांच्या माथी मारू नका. पाळी जायच्या सुमारास बायकांना मध्यरात्री जाग येते, घाम येतो, छाती धडधडते. ‘टेन्शन आहे’ म्हणून आपण ते अंगावर काढतो. डॉक्टरांकडे जा, बीपी आणि थायरॉइड तपासून घ्या. मन फारच भरून आलं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मिस्टरांना ‘टीव्ही बंद करा’ म्हणालात तर तुम्हीही दिरांच्या पक्षात गेलात असं त्यांना वाटेल. फक्त जेवताना आवाज बंद ठेवायला सांगा. आमच्याकडे एवढ्याला दोन महिने लागले. पहिले आठ दिवस हे नुसती हलणारी तोंडं बघत भाकरी खायचे, मग एकदा स्वतःच म्हणाले, शेंगाचटणी आज जरा तिखट झालीय. मुलाला सांगा, काकांना फोन कर आणि त्यांच्या गुडघ्याचं विचार, नोकरीचं सांग, कशाचंही बोल, फक्त ग्रुपवर उत्तरं लिहू नकोस.

आता बाराबंदी. समेटाची बैठक घालू नका. ‘दोघांचंही बरोबर आहे’ असं तर मुळीच म्हणू नका. ते दोघांनाही खोटं वाटतं आणि खोटंच असतं. कोण बरोबर हे ठरवायला तुम्हाला कुणी बसवलेलं नाही. दिरांनी बाराबंदी आणली नाही, पण दुसरीकडे दिली असंही तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं ती अजून कपाटातच पडून आहे. यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला मानाच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतील तेव्हा दोघे भाऊ त्याच रस्त्याने चालणार आहेत, बोलले तरी आणि नाही बोलले तरी.

म्हणून आजच दिरांना एक ओळ पाठवा. ग्रुपवर नको, त्यांच्या नंबरावर: ‘भावजी, बाराबंदी पाठवून द्या. यांची भिजवतेय, नीळ एकदाच करते.’ खाली हात जोडलेलं चित्र नको, ‘झालं गेलं विसरा’ नको. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर रिकामी पिशवी घेऊन तुम्हीच जा, दुपारच्या वेळी, दीर कामावर असताना. दार जाऊबाईच उघडतील.