छोट्या गॅरेजसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

दोन-तीन मेकॅनिक असतील तर डीलरवालं महागडं सॉफ्टवेअर नको, गाडीचा नंबर टाकला की मागची सगळी जॉबकार्डं (प्रत्येक वेळी गाडीचं काय काम केलं त्याची नोंद) किलोमीटरसकट दिसली पाहिजेत बस, कारण क्लच प्लेट कधी टाकली होती हे कस्टमर हमखास विचारतो. बिलात पार्ट्स आणि लेबर वेगळे पडतात का बघा आणि जीएसटीचे रेट आपल्याला बदलता येतात का तेही, २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच पार्ट्सवर २८ चे १८ टक्के झाले तेव्हा ते लागलंच. एस्टिमेट व्हॉट्सॲपवर जायला हवं, म्हणजे नंतर कटकट नाही. डेटा एक्सेलमध्ये काढता येत नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि डेमो काउंटरवरच्या पोराला चालवू द्या, रोज तोच बसणारे ना. नुसतं बिलिंग हवं असेल तर टॅली पुरे.