‘इन्क्यूबेटर’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकांनी विचारले आहे की, नव्याने सुरू होणाऱ्या कंपन्यांना आधार देणाऱ्या ‘बिझनेस इन्क्यूबेटर’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा. ‘उबवणी केंद्र’ म्हटले की कोंबड्या डोळ्यांसमोर येतात, ‘रोपवाटिका’ म्हटले की शेती, आणि इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर ज्याला तो ठाऊक नाही त्याला काहीच बोध होत नाही, अशी त्यांची अडचण आहे. विद्यापीठांचे इन्क्यूबेटर, खासगी इन्क्यूबेटर, ॲक्सिलरेटर, स्टार्टअप स्टुडिओ या सगळ्यांना एकच शब्द चालेल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे.

कोंबड्यांची अडचण आधी सोडवतो, कारण या अर्थाचा इंग्रजी शब्दच कोंबड्यांच्या संगतीत जन्मला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया या गावी मॅसी-हॅरिस कंपनीचा शेती अवजारांचा मोठा कारखाना १९५६ साली बंद पडला. ती इमारत मॅन्कुसो कुटुंबाने विकत घेतली आणि तिची व्यवस्था जोसेफ मॅन्कुसो यांच्याकडे आली. एवढी जागा घेणारा एकच मोठा भाडेकरू मिळेना, तेव्हा १९५९ साली त्यांनी तिचे लहान लहान भाग करून ते वेगवेगळ्या उद्योगांना भाड्याने दिले आणि जागेबरोबर कार्यालयीन सोयी, धंद्याचा सल्ला व भांडवल मिळवण्यासाठी मदतही देऊ केली. सुरुवातीच्या भाडेकरूंत कोंबडीची पिल्ले उबवणारा एक व्यवसाय होता. त्यावरून मॅन्कुसो आपल्या इमारतीला गमतीने ‘इन्क्यूबेटर’ म्हणू लागले, आणि गमतीत दिलेले ते नाव पुढे जगभर रूढ झाले. तेव्हा मराठी शब्दाने कोंबडीची आठवण करून दिली, तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. उलट तो शब्द मुळाच्या अधिक जवळ जातो.

व्युत्पत्तीकडे पाहिले तरी हेच दिसते. ज्या लॅटिन क्रियापदावरून ‘इन्क्यूबेटर’ आला, त्याचा अर्थ ‘वर निजणे, वर बसून राहणे’ असा आहे. वैद्यकात आपण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला रोगाचा ‘अधिशयन काळ’ म्हणतो, त्यातला ‘अधिशयन’ हा शब्द या अर्थाशी अक्षरशः जुळतो: अधि म्हणजे वर आणि शयन म्हणजे निजणे. तरीही ‘उद्योग अधिशयन केंद्र’ अशी पाटी वाचून तिथे उद्योग झोपवतात की वाढवतात, असा संभ्रम वाचकाला पडेल. ‘उष्मायन’ हा पर्यायही अधूनमधून दिसतो, पण त्यात फक्त उष्णता आहे; ती कशासाठी, हे शब्द सांगत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ज्यात ठेवतात त्या यंत्राला बोलभाषेने ‘काचेची पेटी’ असे डोळ्यांना दिसते तेच साधे नाव दिले, आणि ते मला फार आवडते. मात्र उद्योगांच्या बाबतीत दाखवता येईल अशी पेटीच नसल्यामुळे तो मार्ग आपल्याला बंद आहे.

‘रोपवाटिका’ हा खरा प्रतिस्पर्धी आहे. रोप तिथे थोड्या काळासाठी, सावलीत आणि देखरेखीखाली वाढते व मग उचलून शेतात लावले जाते. इन्क्यूबेटरमधली कंपनीही काही महिने किंवा काही वर्षे सवलतीच्या जागेत राहून नंतर बाहेर पडते, आणि बाहेर पडणे हाच सगळ्या व्यवस्थेचा हेतू असतो. एवढे साम्य असूनही मी हा शब्द दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण त्याला क्रियापद नाही. पारिभाषिक शब्दाची कसोटी केवळ नामावर संपत नाही. त्याच्यापासून क्रिया, काळ, स्थळ आणि ज्याच्यावर क्रिया होते तो, अशी सगळी भावंडे सहज निघाली पाहिजेत. ‘उबवणे’पासून उबवणी, उबवणी केंद्र, उबवणीचा काळ, उबवणीतली कंपनी, उबवून बाहेर पडलेली कंपनी असे शब्दप्रयोग विनासायास होतात. ‘रोपवाटिका’पासून क्रियापद घडवायला बसले की मराठी अडखळते.

अर्थाच्या दृष्टीनेही ‘उबवणे’ अचूक आहे. अंड्यातला जीव बाहेरून घातलेला नसतो. यंत्र फक्त ऊब आणि ओलावा राखते आणि अंडे वेळोवेळी फिरवते. इन्क्यूबेटरही कल्पना पुरवत नाही. तो जागा, सल्लागार, कायदेशीर व हिशेबाची मदत आणि गुंतवणूकदारांची ओळख पुरवतो. ही ऊब कोण देतो आणि कशासाठी देतो, यावरून त्याचे प्रकार पडतात. विद्यापीठाचा इन्क्यूबेटर प्रयोगशाळेतल्या संशोधनाला बाजारापर्यंत नेण्यासाठी असतो, म्हणून तिथे पेटंटचा हक्क संस्थेचा की संशोधकाचा हा प्रश्न लवकरच पुढे येतो. सरकारी किंवा ना-नफा केंद्राचा मुख्य हेतू त्या भागात रोजगार वाढावा हा असतो, आणि बटेव्हियाची सुरुवात गावातला कारखाना बंद पडल्यामुळेच झाली होती. खासगी केंद्र मदतीच्या बदल्यात बहुधा कंपनीचा हिस्सा मागते. जैवतंत्रज्ञानासाठी तयार प्रयोगशाळा किंवा खाद्यपदार्थांच्या उद्योगांसाठी सामायिक स्वयंपाकघर देणारी केंद्रे एकाच क्षेत्राला वाहिलेली असतात. केवळ संगणकावरून मार्गदर्शन करणाऱ्यांना ‘आभासी’ हे विशेषण लावले की पुरते. या सर्वांना ‘नवउद्योग उबवणी केंद्र’ हा एक शब्द निःशंक चालतो, फक्त त्याच्या आधी विद्यापीठीय, सरकारी, खासगी असे विशेषण जोडावे.

जिथे तो चालत नाही, ती ठिकाणे मला अधिक उद्बोधक वाटतात. बिल ग्रॉस यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या आयडियालॅबसारख्या संस्थेत कल्पना संस्थेच्या आतच निघते आणि तिच्याभोवती कंपनी उभी केली जाते. या पद्धतीला आता स्टार्टअप स्टुडिओ म्हणतात. म्हणजे अंडेही यांचेच. दुसऱ्याचे अंडे उबवण्याचा अर्थ येथे लागू होत नाही, म्हणून स्टुडिओला ‘उद्योगनिर्मिती संस्था’ असे सरळ म्हणावे. ॲक्सिलरेटरची गोष्ट याच्या उलट आहे. २००५ साली सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत अनेक कंपन्यांची एक तुकडी सुमारे तीन महिन्यांसाठी घेतात, थोडे भांडवल देऊन हिस्सा घेतात आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण होते. पिल्लू तिथे आधीच बाहेर आलेले असते. त्याला पळायला शिकवायचे असते. यासाठी भौतिकशास्त्रातला ‘त्वरण’ घेऊन ‘त्वरक’ म्हणण्यापेक्षा ‘गतिवर्धक कार्यक्रम’ मला बरा वाटतो, कारण ते ठिकाणापेक्षा ठरावीक मुदतीचा कार्यक्रमच अधिक असते. आणि केवळ टेबल-खुर्ची भाड्याने देणाऱ्या को-वर्किंग जागेला उबवणी केंद्र म्हणणे ही सरळ चूक आहे, जागा कितीही सुरेख असली तरी; तिला ‘सामायिक कार्यालय’ म्हणावे.

राहता राहिला ‘इन्क्यूबेटर’ हा शब्द. संस्थेच्या नावात तो असेल तर तसाच ठेवावा, कारण विशेषनामाचे भाषांतर केले की संस्था ओळखू येत नाही. लेखात मात्र पहिल्या उल्लेखात ‘इन्क्यूबेटर, म्हणजे नवउद्योग उबवणी केंद्र’ असे लिहावे आणि पुढे ‘उबवणी केंद्र’ वापरावे. ‘ही कंपनी इन्क्यूबेट झाली’ या वाक्याऐवजी ‘ही कंपनी या केंद्रात दोन वर्षे उबवणीत होती’ असे लिहून पाहावे; ज्याने तो इंग्रजी शब्द कधी ऐकलेला नाही, त्यालाही ते कळते.