रात्रीचा घाम आणि थर्मामीटर
रात्री अंगावरचे कपडे पिळून काढावेत इतका घाम येतो, हे डॉक्टरांच्या कानावर अजून घातलं नसेल तर आधी घाला. लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) ते आजाराचंच लक्षण असू शकतं. पण घाम उपचारातल्या स्टेरॉइडमुळेही येतो, आणि केमोने (केमोथेरपीने) पाळी थांबली तर त्यानेही. म्हणून कधी आला, किती आला, कोणत्या गोळीनंतर, एवढं वहीत लिहून ठेवा.

घामाने जाग आली की पहिलं काम ताप मोजणं. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस (म्हणजे १००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप असेल, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली असेल, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा. न मोजता पॅरासिटामॉल घेऊ नका. ताप दबतो आणि संसर्ग लपून राहतो.

बाकी सोपं आहे. सैल सुती कपडे, एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ, उशाशी कोरडा जोड. (घरच्यांना उठवायला संकोचू नका, ते बहुधा जागेच असतात.) पाणी पीत राहा, डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तेवढंच. स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका, वेळ बदलता येईल का ते विचारा.