चंद्रताल : बेत मे महिन्याचा, वाट मनालीची

प्रश्न : मुलांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, मनालीमार्गे हिमाचल प्रदेशातले चंद्रताल सरोवर पाहून यावे असा आमचा पाच दिवसांचा बेत आहे. रक्तदाबाची गोळी घेणारे माझे सासरे (वय ६५) बरोबर असतील. हे जमेल का? आणि अशा सरोवरांचे पाणी निळे-हिरवे का दिसते?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या माळव्यात मे म्हणजे भर उन्हाळा असला, तरी चंद्रताल सुमारे ४,२५० मीटर उंचीवर असल्याने तिथला रस्ता बर्फ काढून झाल्यावर, साधारणपणे जूनमध्येच, खुला होतो. त्यामुळे मे महिन्याचा बेत सोडून द्यावा. जूनची अखेर शाळेच्या दृष्टीने अडचणीची असेल, तर सप्टेंबरचा विचार करावा. तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते, मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते.

तारखेपेक्षाही मला काळजी वाटते ती वाटेची. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि मनाली सुमारे दोन हजारांवर आहे. मनालीहून निघून त्याच रात्री सरोवराजवळच्या तंबूत झोपायचे म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढायचे, आणि तेही हवेतला प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असलेल्या ठिकाणी. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. म्हणून मालवा एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरून शिमला, कल्पा, ताबो, काझा असे थांबत जावे, काझाला दोन रात्री काढाव्यात आणि मग कुंझुम खिंडीतून (४,५५१ मीटर) चंद्रतालला उतरून परतताना मनाली घ्यावी. यास दहा-बारा दिवस लागतील. पाच दिवसांचा हट्ट असेल, तर हे सरोवर यंदा राहू द्यावे.

कुंझुम खिंडीखालच्या बातल या ठिकाणापासून मनालीकडच्या रस्त्यावरचे नाले दुपारी वितळत्या बर्फाने फुगतात, त्यामुळे तो टप्पा सकाळीच ओलांडावा. सरोवराच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. मुक्काम काही किलोमीटर अलीकडे करावा लागतो.

रंगाविषयी सांगायचे, तर हिमनदी सरकताना खडक घासून पिठासारखी बारीक भुकटी करते, आणि पाण्यात तरंगणाऱ्या या भुकटीवरून विखुरलेला प्रकाश निळा-हिरवा भासतो. चंद्रतालात मात्र असा गढूळ प्रवाह येऊन मिळताना दिसत नाही. तिथला निळा रंग स्वच्छ पाण्याचा आहे.

सासऱ्यांना निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे आणि उंचीवर होणारा त्रास टाळण्यासाठीचे ॲसिटाझोलामाइडसारखे औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. काझाला डोके दुखू लागले किंवा मळमळ झाली, तर पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी लगेच खाली उतरावे. गाडी ठरवताना चालकाला हे आधीच सांगून ठेवावे, आणि सासरे काझाहून मागे फिरले, तर त्यांच्याबरोबर घरातले कोण परतणार, हेही इंदूरहून निघतानाच ठरवावे.